आईनं केलेलं बारावं बाळंतपण

“तूप नाही म्हणजे? अजिबातच नाही?”

आईनं हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की बाहेरच्या बाकावरची दोन माणसं दारातून आत डोकावली.

“अजिबात नाही,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर. पेढासुद्धा नाही.”

“पेढे बाळंतिणीला कोण देतंय? ते वाटायचे असतात.” आईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. आई पिशवी खाली ठेवते तेव्हा ती लवकर उठणार नसते. “आणि डिंकाचे लाडू? हळिवाची खीर? शतावरी कशातून द्यायची, पाण्यातून?”

“पाण्यातून चालेल.”

“चालेल म्हणे!” आई माझ्याकडे वळून म्हणाली, जणू मॅडम खोलीत नव्हत्याच.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात मुलांच्या विभागाच्या टोकाला, जिन्याखाली, मुजावर मॅडमची खोली होती. त्या तिथल्या आहारतज्ज्ञ. टेबलावर प्लास्टिकची केळी, प्लास्टिकची भाकरी आणि वाटीत कधीच न सांडणारं प्लास्टिकचं वरण. वय असेल अठ्ठावीस. आल्या आल्या आईनं त्यांना विचारलं होतं, “तुम्हाला मुलं किती?” “अजून लग्नच नाही आजी,” असं उत्तर आलं, आणि आईपुरता विषय तिथेच संपला होता.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा पाच आठवड्यांची होती. बारशात नाव ठेवलं तरी आई तिला ठमीच म्हणायची. ठमी हसायला लागली होती, वजनही धरत होती. पण गेले आठ दिवस तिच्या शीमध्ये लाल दोऱ्यासारखी बारीक रेघ दिसत होती. रक्ताची. डॉक्टर आवटींनी तपासलं, “वरचं काही देता?” म्हणून विचारलं. “नाही,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो. मग त्यांनी सांगितलं, की हिला गायीच्या दुधातलं प्रथिन सोसत नसावं. आई जे खाते-पिते त्यातला अंश अंगावरच्या दुधातून बाळाच्या पोटात जातो. दोन आठवडे आईनं दूधदुभतं पूर्ण सोडायचं. रक्त थांबलं तर उत्तम. नाही थांबलं, तर अंगावरचं बंद करून डब्यातली खास पावडर सुरू करायची.

बंद करायचं. किती सहज बोलले ते! ठमीला नीट तोंडात धरता यायला चार आठवडे लागले होते. पहिले दिवस ती रडायची, मी रडायची, आणि आई दाराआड उभी राहून डोळे पुसायची. चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती पोट भरून प्यायली आणि तशीच झोपली. ओठाच्या कोपऱ्यात पांढरा थेंब. त्या दिवशी मी स्वतःला पहिल्यांदा कुणाची तरी आई म्हणाले. आता दोन आठवड्यांची मुदत होती.

“मॅडम,” मी विचारलं, “मी सगळं सोडलं तर पाजता येईल ना?”

“त्यासाठीच तर मी इथे बसलेय,” त्या म्हणाल्या. “बाळाला आईचं दूध मिळत राहावं आणि आईची हाडं पण राहावीत. तुम्ही काय खाल्लं ते रोज लिहायचं. पण स्वयंपाक कोण करतं, तुम्ही की आजी?”

“आजी,” आईनंच उत्तर दिलं. “अकरा बाळंतपणं केलीत मी. दोन नणंदा, तीन जावा, भाच्या, पुतण्या. एकीची कंबर धरली नाही अजून.”

“मग तुम्हीच सांगा आजी, तुपाशिवाय कसं करायचं ते. मला पुस्तकातलं माहितीय. तुमच्यासारखं हातातलं नाही.”

आईनं पिशवी उचलली. तासगावला परत येताना बाबा गाडी चालवत होते. कवठे एकंद मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मग एकदम म्हणाली, “तुपाशिवाय बाळंतपण करून दाखवते तिला. बघतेच.”

आणि तिनं दाखवलं. दुसऱ्या दिवशी तुपाची बरणी माळ्यावर गेली, ताकाची रवी शेजारी गेली आणि बाबांचा दुधाचा चहा पायरीवर गेला. “कप बाहेरच विसळा,” आई आतून ओरडायची. डिंक तेलात फुलवला. खारीक, खोबरं, खसखस कुटून गुळाच्या पाकात लाडू वळले. पहिला घाणा दगड झाला. बाबांनी तो अडकित्त्यानं फोडून खाल्ला आणि “छान झालाय” म्हणाले. दुसरा जमला. हळीव नारळाच्या दुधात शिजायला लागले. गरम भाकरीवर लसणाची चटणी आणि वरून करडईचं कच्चं तेल. नाचणी, राजगिरा, तीळ, शेवग्याचा पाला. मॅडमनी कॅल्शियमसाठी यादी दिली होती, त्यातलं एकही तिनं सोडलं नाही.

मॅडमचा नंबर कागदावर होता. आईनं तो भिंतीला चिकटवला.

“हॅलो, मी तासगावहून ठमीची आजी. टोस्टमध्ये दूध असतं का?”

“पाकिटामागे लिहिलेलं असतं आजी. वाचून बघा.”

“माझा चष्मा सापडंना.”

“मग फोटो काढून पाठवा.”

“फोटो काढायला चष्मा लागतोच की!”

दिवसाला दोन फोन व्हायचे. आठव्या दिवशी आई फोन ठेवून म्हणाली, “हुशार आहे पोरगी. कधी वैतागत नाही.” आईच्या तोंडून एवढं येणं म्हणजे शाल-श्रीफळच.

फक्त एक गोष्ट होत नव्हती. लाल दोरा थांबत नव्हता. मी रोज लंगोट खिडकीच्या उजेडात धरायची. एखाद्या दिवशी वाटायचं, आज नाही. आणि मग घडीत तो असायचाच.

पुण्याहून सासूबाईंचा फोन रोज यायचा, माझा नवरा सौरभ तिथेच त्यांच्याजवळ होता. त्या वाईट नाहीत. पण काळजी वाटली की त्या तिचं कारण शोधतात, आणि कारण नेहमी जवळच्या माणसातच सापडतं. “वृषाली, मनाला लावून घेऊ नकोस हं,” त्या बाराव्या दिवशी म्हणाल्या, “पण काही जणींचं दूधच बाधतं. माझ्या नणंदेच्या सुनेचं असंच होतं. सौरभही म्हणत होता, डबा सुरू करून टाकू. हट्ट कशाला?”

फोन स्पीकरवर होता. आई पाळण्याची दोरी हलवत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा हलायला लागला.

“मम्मी, डॉक्टरांना विचारून सांगते,” मी म्हणाले.

“बाधतं म्हणे!” फोन ठेवल्यावर आई पुटपुटली. पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. माझ्यासाठी लाडू आणला आणि मी तो खाऊन संपेपर्यंत समोर बसून राहिली.

पंधराव्या दिवशी आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. ठमीचं वजन वाढलं होतं, माझं दोन किलोनं उतरलं होतं. डॉक्टर आवटींनी लंगोट पाहिला आणि मान हलवली.

“आता थांबण्यात अर्थ नाही. पावडर सुरू करू.”

मुजावर मॅडम माझी वही घेऊन उभ्या होत्या. “सर, लिहिण्याआधी मला दहा मिनिटं द्याल?”

डॉक्टरांनी बाहेरच्या गर्दीकडे बघितलं. “दहाच.”

जिन्याखालच्या खोलीत मॅडमनी वहीचं पानन्‌ पान उलटलं. मग वही मिटली.

“यात कुठेच दूध नाही.”

“मग काय खोटं लिहिलंय?” आई म्हणाली.

“नाही आजी. इतकं काटेकोर मी शिकत असताना वॉर्डातसुद्धा कुणी केलेलं पाहिलं नाही. म्हणून तर माझं अडलंय.” त्यांनी खुर्ची टेबलामागून काढून आईच्या समोर ओढली. “आज पदार्थ राहू देत. मला काल सकाळचं सांगा. ठमीनं डोळे उघडल्यापासून. काही गाळू नका, मला काहीच माहीत नाही असं समजा.”

आईला कुणी असं विचारलं नव्हतं कधी. ती सावरून बसली.

“सातला उठते ती. आधी ही पाजते. मग तास-दीड तास झोप. तोवर मी पाणी ठेवते, बंबात. त्यात निरगुडीचा पाला. नऊ वाजता तेल. पाय पसरून पाटावर बसायचं, पायावर बाळ पालथं. आधी पाठ, मग कुल्ले, मग पाय. उलट्या हातानं चोळायचं नाही, पोरगी आहे म्हणून दाबायचं नाही. टाळू भरायची. मग डाळीचं पीठ. आधी त्यात साय घालायचे, ती बंद केली.”

मॅडमनी मान वर केली. “साय? अंगाला लावायची?”

“तुम्ही म्हणालात ना, दुधाचं काही नको. मग म्हटलं अंगाला तरी कशाला? आता नारळाच्या दुधात कालवते.”

“हे मला सुचलं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या आणि खरंच लिहून घेतलं. आईचा चेहरा उजळला. ती आता रंगात आली.

“मग पाणी. कढत नाही, कोमट नाही, कोपराला सोसेल असं. शेवटी तांब्याभर ओवाळून बाहेर टाकायचं. पंच्यात गुंडाळून आत. शेगडीवर हात तापवून शेकायचं, पोट, छाती, तळपाय. मग ओवा-बाळंतशेपाची धुरी. जास्त नाही, नाकात जाता कामा नये. ती तोवर अशी सुस्तावते, की बघत राहावं. मग...”

आई थांबली.

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. आईनं मांडीवरचा पदर सारखा केला, मग पुन्हा एकदा सारखा केला. मीही खाली बघितलं. कारण त्या ‘मग’च्या पुढे काय येतं ते मला माहीत होतं. आणि ते सांगायचं नाही असं आमचं घरातच ठरलं होतं.

“मग?” मॅडमनी विचारलं.

“मग ही पाजते,” आई म्हणाली. “आणि झोपते.”

मॅडम आईकडे बघत राहिल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पेनाला टोपण लावलं.

“ठीक आहे. आता मी तुम्हाला पुढे काय होईल ते सांगते. सर पावडर लिहून देतील. वृषालीताईंचं दूध बंद होईल. समजा, चार दिवसांत रक्त थांबलं. मग सगळे म्हणतील, हिचं दूधच वाईट होतं. माझ्या कागदावरही तसंच लिहिलं जाईल. कदाचित ते खरंही असेल. पण माझी अजून खात्री झालेली नाही आजी. कारण हे दूध कशामुळे बाधेल, असं मला या वहीत एकही कारण सापडत नाही.” त्या उठल्या. “चला, सर थांबलेत.”

तो व्हरांडा मोठा नव्हता. पण आई इतक्या हळू चालत होती, की मी दोनदा मागे वळून पाहिलं.

डॉक्टरांच्या खोलीत दारातच पुढचा पेशंट येऊन उभा होता. एक तरुण बाप, कडेवर मुलगा. डॉक्टर लिहायला लागले. पावडरचं नाव, किती पाणी, किती चमचे. माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं हलत होती. ठमी माझ्या खांद्यावर झोपली होती आणि झोपेतच चोखल्यासारखं तोंड हलवत होती.

“थांबा,” आई म्हणाली.

डॉक्टरांनी वर बघितलं.

“गुटी देते मी तिला. रोज. आंघोळ झाली की.”

दारातल्या बापानं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं,” डॉक्टर म्हणाले, “वरचं काही देता का म्हणून.”

“विचारलं होतं. गुटीला वरचं कोण म्हणतं डॉक्टर? हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, बदाम, खारीक. सहाणेवर दोन-दोन वळसे. ते औषध झालं, खाणं नव्हे.” आई एका दमात बोलली, मग आवाज खाली आला. “आणि म्हटलं असतं तर तुम्ही ओरडला असतात. गेल्या वर्षी माझ्या भाचीला तिच्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं. तेव्हाच आम्ही ठरवलं, दवाखान्यात गुटीचं नाव काढायचं नाही.”

“पण गुटीत दूध कुठे...” डॉक्टर म्हणायला लागले.

“असतं,” आई म्हणाली. “गायीच्या दुधात उगाळत होते मी.”

हे मला माहीत नव्हतं. ठमी तेरा दिवसांची झाली तेव्हा गुटी सुरू झाली आणि पहिले काही दिवस मी माझं दूध वाटीत काढून द्यायची. मग एक दिवस आई म्हणाली, “राहू दे, मी बघते.” मला वाटलं, उकळलेलं पाणी घेत असेल.

“आधी हिच्याच दुधात उगाळायचे,” आई सांगत होती, आता डॉक्टरांना नाही, मॅडमना. “पण वाटीत काढताना हिच्या डोळ्यांत पाणी यायचं. चार थेंब निघायला दहा मिनिटं. म्हटलं, एवढ्या कष्टाचं दूध सहाणेवर कशाला घालवायचं? सगळं पोरीच्या पोटात जाऊ दे. म्हणून गवळ्याला सांगून देशी गायीचं वेगळं आणायला लागले. चांगलं म्हणून आणलं हो. तूप बंद केलं, साय बंद केली, ह्यांचा कप बाहेर ठेवला. आणि ते दोन चमचे रोज माझ्याच हातानं...”

तिनं वाक्य पूर्ण केलं नाही. पण मानही खाली घातली नाही. अकरा बाळंतपणं केलेली माझी आई त्या टेबलासमोर ताठ उभी होती, दारात परका माणूस उभा असताना, आणि म्हणाली, “हिच्या दुधाला नाव ठेवू नका. माझी चूक आहे.”

तिला गप्प राहता आलं असतं. घरी जाऊन तिनं गुपचूप सहाण धुऊन ठेवली असती, पावडर सुरू झाली असती, रक्त थांबलं असतं आणि जगात कुणालाही कधी कळलं नसतं.

डॉक्टरांचा चेहरा तापला होता. ते काहीतरी बोलणार होते, पण मुजावर मॅडम आधी बोलल्या. “सर, हे आपल्याला कुठल्याही रिपोर्टमध्ये सापडलं नसतं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अर्धवट लिहिलेला कागद बाजूला सारला. “एक आठवडा देतो,” ते म्हणाले. “गुटी बंद. मध नाही, पाणीही नाही. फक्त आईचं दूध. आईचं पथ्य तसंच चालू ठेवा. रक्त वाढलं, बाळ मलूल वाटलं तर त्याच क्षणी घेऊन यायचं.”

बाहेर आल्यावर आईनं मॅडमना थांबवलं. “तुम्हाला मघाशीच कळलं होतं ना? मी थांबले तेव्हा?”

“शंका आली होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी नाव घेतलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात आजी. आणि एकदा नाही म्हटलं, की पुन्हा हो म्हणणं फार अवघड जातं.”

आईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच. “लग्न झाल्यावर बाळंतपणाला माझ्याकडे या,” ती म्हणाली. मॅडम खळखळून हसल्या.

चौथ्या दिवशी लंगोट स्वच्छ निघाला. पाचव्या दिवशीही. सहाव्या दिवशी आई लंगोट घेऊन थेट पायरीवर गेली.

“हे बघा. काही दिसतंय?”

“चहा पितोय मी,” बाबा म्हणाले.

“चष्मा लावून बघा.”

“काही नाही दिसत.”

“नीट बघा!”

“शालन, शी दिसतेय. नुसती शी.”

“हां,” आई म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसून हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. बाबांनी चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

आठवड्यानं डॉक्टरांनी तपासलं आणि आणखी पंधरा दिवसांनी बोलावलं. मुक्ता आज सहा वर्षांची आहे. दहा महिन्यांची असताना त्याच हॉस्पिटलात मुजावर मॅडमनी तिला आधी थेंब, मग चमचा, मग वाटी असं दूध देऊन पाहिलं. तीन तास आम्ही तिच्याकडे टक लावून बसलो होतो आणि ती मॅडमचं प्लास्टिकचं केळं चावत बसली होती. काही झालं नाही. आता दुधाचा पेला दिसला की ती पळते, पण ते नखरे आहेत. ते सगळं पुढचं. मला सांगायचंय ते त्या पंधरा दिवसांनंतरच्या भेटीबद्दल, मुक्ताचा धाकटा भाऊ झोपेतून उठायच्या आत.

कारण त्या भेटीला सासूबाई आल्या. “डॉक्टर काय म्हणतात ते मला स्वतःच्या कानांनी ऐकायचंय,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या. रक्त थांबल्याचं मी त्यांना सांगितलं होतं, कसं थांबलं ते नाही. ते सांगणं माझं नव्हतं. आणि आईला मी विचारायचं धाडस केलं नाही. मुलीची आई ती. लग्नात विहिणींचे पाय धुतलेली. आमच्याकडे मुलीची आई विहिणीपुढे मीठ जास्त पडल्याचंसुद्धा कबूल करत नाही. ‘आमच्याकडे असंच आवडतं’ म्हणते.

डॉक्टर आवटींनी ठमीला तपासलं, “उत्तम” म्हणाले आणि आम्हाला जिन्याखाली पाठवलं. खोलीत तीनच खुर्च्या होत्या. मॅडमनी स्वतःची सासूबाईंना दिली आणि आपण उभ्या राहिल्या.

“बाळ आता छान आहे,” त्या म्हणाल्या. “घरात आपण एक छोटासा बदल केला आणि...”

त्या आईला सांभाळून घेत होत्या. मला ते कळलं. आईलाही कळलं असणार.

“कसला बदल?” सासूबाईंनी विचारलं. “म्हणजे हिनं खाणं बदललं म्हणून थांबलं ना? मी म्हणतच होते, हिच्या दुधातच काहीतरी...”

“नाही विहीणबाई,” आई म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. गुटी, गवळी, देशी गाय, दोन चमचे. दवाखान्यात लपवलं तेही. “तुमच्या सुनेचं दूध पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. तीन आठवडे तुम्ही सगळे तिला बोल लावत होता आणि मी पाळणा हलवत ऐकत होते. मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून तुमच्यासमोर सांगतेय. पुण्याला गेल्यावर ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्या सगळ्यांना हेही सांगा. माझं नाव घेऊन सांगा.”

सासूबाई बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या भाकरीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी टोचणारं येणार.

“मी म्हशीच्या दुधात उगाळायचे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“सौरभची गुटी. आमच्याकडे तेव्हा गाय कुठली? म्हशीचंच असायचं.” त्यांनी घसा साफ केला. “त्यालाही सहा महिने पोटाचं काहीतरी होतं. शी अशीच व्हायची. माझ्या सासूबाई माझी दृष्ट काढायच्या. म्हणायच्या, हिचं दूध जड आहे.”

आईनं आपली खुर्ची थोडी सासूबाईंकडे सरकवली.

“थांबा, थांबा,” मुजावर मॅडम पेन शोधायला लागल्या. “वडिलांना पण लहानपणी? हे मला कुणी सांगितलंच नाही!”

“कुणी विचारलं?” सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, उद्यापासून तुमच्या जेवणात एक चमचा तूप सुरू करून बघायचं, तीन दिवस थांबायचं, रक्त दिसलं नाही तर पुढे जाऊ. माळ्यावरची बरणी उतरवल्यासारखा आईचा हात हवेत जरासा वर गेला आणि खाली आला.

निघताना मॅडम म्हणाल्या, “आजी, एक काम आहे तुमच्याकडे. ओपीडीतल्या सगळ्या आयांसाठी आम्ही प्रश्नांचा नवा कागद करतोय. ‘वरचं काही देता का’ विचारून उपयोग नाही, हे मला तुमच्यामुळे कळलं. ‘गुटी देता का’ असं लिहू?”

“छे,” आई म्हणाली. “‘देता का’ म्हटलं की आम्ही नाहीच म्हणणार. ‘देता का’ म्हणजे ओरडा येणार हे समजतं बायकांना.”

“मग?”

आईनं विचार केला. “‘गुटी कशात उगाळता’ असं विचारा. म्हणजे वाटतं, हिला माहीत आहे, देतात सगळ्याच. मग दूध, पाणी, मध, जे असेल ते सांगून मोकळी होईल.”

मॅडमनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं. आई वाकून बघायला लागली.

“आणि हे आजीला विचारा,” सासूबाई मागून म्हणाल्या. “आईला नको. तिला काय माहीत असतं?”

“बरोबर आहे विहीणबाई. आणि एकटीला गाठून विचारा. सुनेसमोर नको.”

“लेकीसमोर तर नकोच.”

“एकेक सांगा हो,” मॅडम म्हणाल्या, “मला लिहू द्या.”

दोन्ही आज्या टेबलावर ओणवून त्यांना एकेक सांगत होत्या. ठमी कुरकुरली. मी भिंतीशी उरलेल्या खुर्चीत बसले, पदर घेतला आणि तिला पाजायला घेतलं.